वाचकांचे प्रश्न : अमेरिकेतील लहान शहरांचे वांशिक आकडे

मुले-मुली अमेरिकेत जायला निघाली, की घरची मंडळी त्या गावाची माहिती शोधू लागतात आणि हवामान, शाळा, घरभाडे यांच्यामागोमाग लोकसंख्येच्या वांशिक तक्त्यापाशी येऊन थबकतात. या विषयावर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. आकडा बघण्याआधी तो कोणत्या प्रश्नाच्या उत्तरातून आणि कोणत्या नियमाने तयार झाला, हे विचारावे, असा माझा आग्रह आहे. उत्तरे थोडी लांबली आहेत ती त्यामुळेच.

प्रश्न : माझी मुलगी नोकरीनिमित्त अमेरिकेतील एका लहान शहरात राहायला जात आहे. त्या शहराच्या तक्त्यात गोरे, कृष्णवर्णीय, आशियाई, ‘दोन किंवा अधिक वंश’ वगैरे रकान्यांची बेरीज शंभर टक्के होते; पण खाली हिस्पॅनिक लोकांचा वेगळा टक्का दिला आहे आणि तो धरला तर बेरीज शंभराच्या पुढे जाते. शिवाय ‘गोरे’ हा शब्द तीन ठिकाणी तीन वेगवेगळ्या आकड्यांसह आला आहे. यांतला खरा आकडा कोणता? (एक वाचिका, नाशिक)

उत्तर : तिन्ही आकडे खरे आहेत, कारण ते तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. अमेरिकेच्या जनगणनेत २०२० पर्यंत वंश आणि हिस्पॅनिक मूळ हे दोन स्वतंत्र प्रश्न होते. आधी विचारले जाई, की ही व्यक्ती हिस्पॅनिक किंवा लॅटिनो मूळची आहे का, म्हणजे तिच्या घराण्याची मुळे मेक्सिको, प्वेर्तो रिको, क्युबा किंवा स्पॅनिश परंपरेच्या इतर देशांत आहेत का. त्यानंतर वंशाचा प्रश्न येई. हिस्पॅनिक व्यक्ती कोणत्याही वंशाची असू शकते, असे सरकारी धोरण असल्याने प्रत्येक हिस्पॅनिक माणूस वंशाच्या तक्त्यातही एकदा मोजलेला असतो. म्हणून तो खालचा टक्का वरच्या बेरजेत मिळवायचा नसतो.

वंशाचे वर्ग जनगणना विभाग स्वतःच्या मर्जीने ठरवत नाही. केंद्र सरकारच्या व्यवस्थापन व अर्थसंकल्प कार्यालयाने १९७७ मध्ये त्यासाठी एक निर्देश काढला आणि १९९७ मध्ये तो सुधारला. त्यानुसार गोरे, कृष्णवर्णीय किंवा आफ्रिकन अमेरिकन, अमेरिकन इंडियन (म्हणजे तेथील आदिवासी) व अलास्काचे मूळ रहिवासी, आशियाई, आणि हवाई व पॅसिफिक बेटांचे मूळ रहिवासी असे पाच वर्ग ठरले. जनगणनेत त्यांच्या जोडीला ‘इतर वंश’ हा सहावा रकाना असतो. २००० सालापासून एका व्यक्तीला एकाहून अधिक चौकटींत खूण करण्याची मुभा मिळाली. तीन आकड्यांचा उगम या मुभेत आणि त्या दोन स्वतंत्र प्रश्नांत आहे.

समजा, दहा हजार वस्तीच्या शहरात सहा हजार लोकांनी फक्त ‘गोरे’ या चौकटीत खूण केली. त्यांपैकी एक हजार लोकांनी आधीच्या प्रश्नात आपण हिस्पॅनिक असल्याचे लिहिले होते. आणखी आठशे लोकांनी ‘गोरे’ या चौकटीबरोबर दुसरीही एखादी चौकट निवडली. या शहरातील गोऱ्यांचे प्रमाण ‘फक्त गोरे’ या तक्त्यात ६० टक्के येईल, ‘हिस्पॅनिक नसलेले गोरे’ या तक्त्यात ५० टक्के, आणि ‘एकट्याने किंवा अन्य वंशासह गोरे’ या तक्त्यात ६८ टक्के. संपूर्ण देशाच्या २०२० च्या जनगणनेत हेच तीन आकडे अनुक्रमे ६१.६, ५७.८ आणि ७१.० टक्के होते. वृत्तपत्रे आणि घरे विकणारे दलाल आपापल्या सोयीचा आकडा उचलतात आणि कोणता तक्ता वापरला ते सांगत नाहीत. आपल्या कन्येने दोन शहरांची तुलना करताना दोन्हीकडे एकाच मथळ्याचा रकाना घ्यावा, एवढे केले तरी निम्मा गोंधळ टळेल.

मार्च २०२४ मध्ये हा निर्देश पुन्हा बदलण्यात आला. दोन्ही प्रश्न एकत्र करण्याचे आणि मध्यपूर्व व उत्तर आफ्रिका येथील लोकांसाठी नवा वर्ग काढण्याचे त्यात ठरले. मात्र आपण पाहत असलेला २०२० चा तक्ता जुन्याच नियमाचा आहे.

प्रश्न : मिशिगन राज्यातील हॅमट्रॅमिक या लहान शहराविषयी वाचले, की तेथील नगर परिषदेचे सर्व सदस्य मुस्लिम आहेत आणि येमेनी व बांगलादेशी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. जनगणनेत मात्र तेथे निम्म्याहून अधिक लोक गोरे असल्याचे दिसते. आकडे चुकले आहेत, की बातम्या? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : दोन्ही बरोबर आहेत. लहान शहरांचे तक्ते कसे वाचावेत हे शिकायला हॅमट्रॅमिकइतके चांगले उदाहरण मला दुसरे माहीत नाही, म्हणून जरा तपशिलात जातो.

हे शहर जवळजवळ सर्व बाजूंनी डेट्रॉइटने वेढलेले असून त्याचे क्षेत्रफळ जेमतेम साडेपाच चौरस किलोमीटर आहे. डॉज बंधूंनी १९१० मध्ये येथे मोटारींचा कारखाना उभारायला सुरुवात केली आणि त्या वर्षी ३,५५९ वस्ती असलेले हे गाव १९२० च्या जनगणनेत ४८,६१५ वर पोहोचले. कामाला आलेल्यांत पोलिश लोक सर्वाधिक होते. त्यांनी चर्च, शाळा, बेकऱ्या, संस्था सारे उभे केले. पोलंडचे पोप जॉन पॉल दुसरे १९८७ मध्ये या चिमुकल्या शहरात मुद्दाम येऊन गेले. तोवर कारखाना बंद पडून सात वर्षे झाली होती आणि पोलिश कुटुंबांची पुढची पिढी उपनगरांकडे निघाली होती. रिकाम्या होत चाललेल्या स्वस्त घरांत येमेनमधून, बांगलादेशातून आणि युद्धकाळात बोस्नियामधून आलेले लोक राहू लागले. उपवासाच्या पर्वाआधीच्या मंगळवारी ‘पोंच्की’ नावाचे सारण भरलेले तळलेले गोड पाव घ्यायला पोलिश बेकऱ्यांपुढे अजूनही रांगा लागतात. २००४ मध्ये मशिदीच्या ध्वनिक्षेपकावरील अजानच्या परवानगीवरून वाद झाला, तो मतदारांच्या कौलापर्यंत गेला आणि परवानगी कायम राहिली. २०१५ मध्ये नगर परिषदेत मुस्लिम सदस्यांचे बहुमत झाले आणि २०२१ च्या निवडणुकीनंतर सर्वच सदस्य मुस्लिम झाले. २०१० मध्ये २२,४२३ असलेली लोकसंख्या २०२० मध्ये २८,४३३ झाली.

आता तक्ता पाहा. २०१० च्या जनगणनेत येथे गोरे सुमारे ५४ टक्के, आशियाई सुमारे २१ टक्के आणि कृष्णवर्णीय सुमारे १९ टक्के होते. सरकारी व्याख्येनुसार युरोप, मध्यपूर्व किंवा उत्तर आफ्रिका येथील मूळ लोकांचे वंशज म्हणजे ‘गोरे’. त्यामुळे येमेनची राजधानी सना येथून आलेला कामगार, वॉर्सातून आलेल्या आजोबांची पोलिश नात आणि बोस्नियाचा निर्वासित हे तिघेही त्या ५४ टक्क्यांत एकत्र बसले आहेत, तर येमेनी माणसाच्या शेजारी राहणारा आणि त्याच मशिदीत नमाज पढणारा बांगलादेशी मात्र ‘आशियाई’ रकान्यात गेला आहे. धर्म कोणत्याच रकान्यात नाही, कारण १९७६ च्या कायद्यानुसार जनगणनेत धर्माविषयीच्या प्रश्नाचे उत्तर देण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही आणि जनगणनेच्या अर्जात तो प्रश्नच नसतो. ‘मुस्लिमबहुल शहर’ हे वर्णन इतर अंदाजांवरून आलेले असते; जनगणनेच्या तक्त्यात ते शोधून सापडणार नाही.

अरबांचा समावेश गोऱ्यांत कसा झाला, यामागे जुना न्यायालयीन इतिहास आहे. १७९० च्या कायद्याने नागरिकत्व मिळवण्याचा हक्क फक्त ‘मुक्त गोऱ्या’ परदेशीयांना दिला होता आणि गृहयुद्धानंतर तो आफ्रिकन वंशाच्या लोकांनाही मिळाला. बाकीच्यांपुढे आपण गोरे आहोत हे सिद्ध करण्याखेरीज मार्ग नव्हता. सीरियातून आलेल्या जॉर्ज डाऊ यांना १९१५ मध्ये अपील न्यायालयाने गोरे मानून नागरिकत्व दिले. त्या काळी तो निकाल त्या समाजाला मोठा दिलासा देणारा होता. शंभर वर्षांनंतर तेच वर्गीकरण त्या समाजाला आकड्यांतून अदृश्य करू लागले.

याची झळ कशी बसते ते याच शहरात दिसते. नोव्हेंबर १९९९ च्या निवडणुकीत काही आक्षेपकांनी अरब वाटणाऱ्या, सावळ्या किंवा मुस्लिम नावाच्या मतदारांना केंद्रावर अडवून त्यांच्या नागरिकत्वावर शंका घेतली आणि मतदानापूर्वी त्यांना शपथ घ्यायला लावण्यात आली. गोऱ्या मतदारांना कोणी तसे विचारले नाही. केंद्र सरकारच्या न्याय विभागाने यात हस्तक्षेप केला आणि २००० मध्ये शहरावर न्यायालयीन तडजोडीच्या अटी लागू झाल्या. ज्यांना मतदान केंद्राच्या दारात परके समजून अडवले, त्यांतल्या अरबांची जनगणनेतली नोंद ‘गोरे’ अशीच होती.

दुसरे उदाहरण मतपत्रिकेचे आहे. मतदान हक्क कायद्यात १९७५ मध्ये घातलेल्या कलम २०३ प्रमाणे, एखाद्या ठिकाणच्या मतदानयोग्य नागरिकांत इंग्रजी पुरेशी न येणाऱ्या एका भाषिक गटाचे प्रमाण पाच टक्क्यांहून अधिक असेल आणि साक्षरतेची अटही पूर्ण होत असेल, तर निवडणुकीचे साहित्य त्या भाषेत देणे बंधनकारक होते. मात्र हे संरक्षण स्पॅनिश, आशियाई, अमेरिकन इंडियन आणि अलास्काच्या मूळ भाषांपुरतेच आहे. त्यामुळे २०११ पासून हॅमट्रॅमिकला बंगाली मतदारांसाठी त्यांच्या भाषेत सोय करणे कायद्याने भाग पडले. अरबी भाषिकांना त्या कलमाचा आधार नाही. शहराने स्वतःहून सोय केली तर गोष्ट वेगळी. कोणाला कोणत्या रकान्यात टाकले, यावर एखाद्या वृद्ध बाईला मतपत्रिका वाचता येणार की नाही हे ठरते, म्हणून वर्गीकरणाची चर्चा मला कोरडी वाटत नाही.

२०२० च्या अर्जात ‘गोरे’ या चौकटीखाली आपले मूळ लिहिण्यासाठी जागा दिली होती आणि उदाहरणांत जर्मन, आयरिश यांच्याबरोबर लेबनीज व इजिप्शियन ही नावेही छापली होती. तिथे लिहिलेल्या उत्तरांवरून देशात सुमारे ३५ लाख लोक मध्यपूर्व व उत्तर आफ्रिका मूळचे असल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले. ज्यांनी ती ओळ कोरी सोडली ते या संख्येत नाहीत.

प्रश्न : मुलगा राहतो त्या शहरात २०१० ते २०२० या दहा वर्षांत ‘फक्त गोरे’ लोकांचा टक्का बराच घसरला आणि ‘दोन किंवा अधिक वंश’ हा टक्का तिपटीहून अधिक झाला. गोरे लोक शहर सोडून चालले आहेत, असे समजावे काय? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : तेवढ्यावरून तसे मुळीच समजू नये. देशभरात ‘दोन किंवा अधिक वंश’ सांगणारे २०१० मध्ये सुमारे ९० लाख होते, ते २०२० मध्ये ३ कोटी ३८ लाख झाले. दहा वर्षांत मिश्र विवाहांतून एवढी मुले जन्मणे शक्य नाही. अर्जाची मांडणी बदलली आणि उत्तरे नोंदवण्याची पद्धतही बदलली, हे या वाढीचे मोठे कारण आहे. गोरे आणि कृष्णवर्णीय या चौकटींखाली आपले मूळ लिहिण्याच्या ओळी २०२० मध्ये प्रथमच आल्या. आधी लिहिलेल्या मजकुराची पहिली ३० अक्षरे वाचून नोंद होत असे, आता २०० अक्षरांपर्यंत वाचली जाऊ लागली. ‘गोरे’ या चौकटीत खूण करून खालच्या ओळीत मेक्सिकोचा उल्लेख करणारा माणूस या नव्या पद्धतीने ‘गोरे आणि इतर वंश’ असा दोन वंशांचा ठरला. तो त्याच घरात राहत होता आणि स्वतःविषयी त्याचे मतही बदलले नव्हते.

हिस्पॅनिक लोकांच्या बाबतीत हा फरक फारच ठळक आहे. २०१० मध्ये त्यांच्यापैकी ५३ टक्के लोकांची नोंद ‘फक्त गोरे’ अशी होती, २०२० मध्ये ती २०.३ टक्क्यांवर आली. ज्या लहान शहरात हिस्पॅनिक वस्ती मोठी आहे, तेथे गोऱ्यांचा टक्का कोणीही घर न सोडता कोसळलेला दिसू शकतो. म्हणून अशा शहरासाठी ‘हिस्पॅनिक नसलेले गोरे’ हा रकाना दोन्ही वर्षांचा घेऊन पाहावा, त्यावर या बदलाचा परिणाम पुष्कळच कमी आहे. टक्क्यांऐवजी माणसांची संख्या पाहावी. गोरे तेवढेच राहिले आणि इतर वाढले, तरी टक्का घटतोच. शहराची हद्द त्या दहा वर्षांत वाढली का, हेही तपासावे. शेजारची वसाहत हद्दीत आली, की आकडे एका रात्रीत बदलतात.

लहान शहरासाठी आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. दर दहा वर्षांच्या शिरगणतीशिवाय जनगणना विभाग दरवर्षी सुमारे ३५ लाख पत्त्यांची नमुना पाहणी करतो. ६५ हजारांहून कमी वस्ती असलेल्या ठिकाणांसाठी या पाहणीचे एका वर्षाचे सविस्तर आकडे प्रसिद्ध होत नाहीत; पाच वर्षांची उत्तरे एकत्र करून एक अंदाज दिला जातो आणि त्याच्या शेजारी ‘अधिक-उणे’ मर्यादा छापलेली असते. आशियाई ३ टक्के, अधिक-उणे २, असे लिहिले असेल, तर प्रत्यक्ष प्रमाण एकपासून पाचपर्यंत कुठेही असू शकते. शेजारच्या शहरात ४ टक्के आशियाई आहेत म्हणून ते अधिक बरे, असा निर्णय त्या आधारावर घेणे योग्य नाही.

दुसरी गोष्ट गोपनीयतेची. संगणकाच्या मदतीने तक्त्यांची जुळवाजुळव करून एखादे कुटुंब ओळखता येईल, या भीतीने २०२० च्या आकड्यांत विभागाने गणिती पद्धतीने मुद्दाम बारीक फेरफार केले आहेत. राज्यांची एकूण लोकसंख्या जशीच्या तशी ठेवली आहे. शहरे, मोहल्ले, लहान गट यांच्या आकड्यांत मात्र थोडी कमी-जास्त झालेली असते. मोठ्या गटांना त्याने काही फरक पडत नाही. ‘या गल्लीत सात आशियाई राहतात’ हा आकडा मात्र शब्दशः घेण्याजोगा राहिलेला नाही.

प्रश्न : मध्य-पश्चिमेकडील एका खेड्यावजा शहराच्या तक्त्यात कृष्णवर्णीयांचे प्रमाण चांगले दिसले, पण तिथे राहणारी भाची म्हणते की शाळेत, बाजारात तसे कोणी दिसत नाही. असे कसे? (एक वाचिका, पुणे)

उत्तर : त्या शहराच्या हद्दीत तुरुंग आहे का ते पाहावे. अमेरिकेत माणूस एरवी जेथे राहतो आणि झोपतो तेथे त्याची गणना करावी, हे तत्त्व १७९० च्या पहिल्या जनगणनेपासून चालत आले आहे आणि त्यानुसार कैदी तुरुंगाच्या पत्त्यावर मोजले जातात. तुरुंग बहुतेक वेळा लहान, गोऱ्या वस्तीच्या गावांत बांधलेले, आणि कैद्यांत कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक यांचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येतील वाट्याहून बरेच अधिक. त्यामुळे गावाच्या तक्त्यात जी विविधता दिसते ती पुष्कळदा भिंतीआडची असते.

आयोवा राज्यातील अ‍ॅनामोसा या लहान शहरात तर याने निवडणुकीचेच हसे केले. लोकसंख्या समान राहावी म्हणून पाडलेल्या प्रभागांपैकी एका प्रभागात सुमारे १,४०० लोक होते आणि त्यांतले सुमारे १,३०० राज्याच्या तुरुंगातले कैदी होते, ज्यांना मतदानाचा हक्कच नव्हता. २००५ मध्ये त्या प्रभागातून एक जण अवघ्या दोन मतांवर नगर परिषदेत निवडून आला. बाकीच्या प्रभागांतल्या शेकडो रहिवाशांच्या मताएवढे वजन त्या मूठभर शेजाऱ्यांच्या मताला मिळाले. हे लक्षात आल्यावर शहराने प्रभाग पद्धतच सोडून दिली. मतदारसंघ आखताना कैद्यांना त्यांच्या मूळ गावी धरण्याचा कायदा मेरीलँड आणि न्यूयॉर्क या राज्यांनी केला, २०१० च्या जनगणनेनंतर तो अमलात आला आणि पुढे आणखी राज्ये त्या वाटेने गेली. जनगणनेच्या मूळ तक्त्यात मात्र कैदी अजूनही तुरुंगाच्याच गावात आहेत.

आपल्या भाचीला शहराच्या तक्त्यांतून हे सहज पडताळता येईल. ‘सामूहिक निवास’ असा एक तक्ता असतो, त्यात तुरुंग, वसतिगृहे, शुश्रूषागृहे यांतील लोकांची संख्या वेगळी दिलेली असते. वय आणि लिंग यांचा तक्ताही बोलका असतो : एखाद्या गटात पंचवीस ते पन्नास वयाचे पुरुषच पुरुष आणि स्त्रिया व मुले जवळजवळ नाहीत, असे दिसले तर दुसरा पुरावा लागत नाही. विद्यापीठाच्या गावांतही हाच नियम लागू होतो. आशियाई विद्यार्थी वसतिगृहाच्या पत्त्यावर मोजले जातात, त्यामुळे तक्त्यात आशियाई बरेच दिसतात आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत ते गाव अगदी वेगळे भासते.

प्रश्न : कॅलिफोर्नियातील युबा सिटीसारख्या लहान शहरांत भारतीय लोक शंभर वर्षांपासून आहेत, असे ऐकले. पूर्वीच्या जनगणनांत त्यांची नोंद कशी होत असे, आणि ती पाने आज पाहता येतात का? (एक वाचक, मुंबई)

उत्तर : पाहता येतात, आणि आवर्जून पाहावीत. विसाव्या शतकाच्या आरंभी प्रामुख्याने पंजाबी शीख पुरुष लाकडाच्या गिरण्यांत, रेल्वेच्या कामावर आणि फळबागांत मजुरीसाठी पश्चिम किनाऱ्यावर आले. त्यांतले अनेक जण युबा सिटीच्या पीचच्या बागांत आणि दक्षिणेकडे इम्पीरियल खोऱ्यात स्थिरावले. १९२०, १९३० आणि १९४० या तीन जनगणनांत ‘हिंदू’ हा एक वंश म्हणून छापलेला होता आणि धर्माने शीख किंवा मुसलमान असलेल्या भारतीयांची नोंदही त्यातच होई. नोंद प्रगणक करत असे. ज्याची नोंद व्हायची त्याला कोणी विचारत नसे. स्वतःचा वंश स्वतः लिहिण्याची पद्धत १९६० पासून रूढ होऊ लागली.

भगतसिंग थिंड यांचा खटला याच काळातला. अमेरिकेच्या सैन्यात काम केलेल्या थिंड यांना सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये गोरे मानायला नकार दिला. त्यामुळे भारतातून आलेले लोक अमेरिकेच्या नागरिकत्वास अपात्र ठरले आणि कॅलिफोर्नियाच्या जमीन कायद्यामुळे त्यांना शेतजमीन स्वतःच्या नावावर घेता येईना. १९१७ च्या कायद्याने भारतातून नव्याने येण्याचा मार्ग बंद केलेला, त्यामुळे बायका-मुलांना आणणेही अशक्य. यांपैकी शेकडो जणांनी मेक्सिकन स्त्रियांशी विवाह केले.

अशा एखाद्या घरी १९३० च्या वसंतात प्रगणक आला, असे समजा. त्या वर्षीच्या सूचनांनुसार पती ‘हिंदू’. पत्नी ‘मेक्सिकन’, कारण केवळ त्याच एका जनगणनेत मेक्सिकन हा वेगळा वंश धरला होता. गोऱ्यांव्यतिरिक्त दोन वंशांच्या जोडप्यांची मुले सामान्यतः पित्याच्या वंशात लिहावीत, असा नियम असल्याने स्पॅनिश बोलणारी, कॅथलिक चर्चमध्ये जाणारी मुलेही ‘हिंदू’. दहा वर्षांनी मेक्सिकन हा वर्ग काढून त्या लोकांना पुन्हा गोऱ्यांत घेतले गेले. मग तीच आई ‘गोरी’ झाली आणि मुले ‘हिंदू’च राहिली, कारण गोरे आणि गोरे नसलेले अशा जोडप्याच्या मुलांना गोरे लिहायचे नाही, हा नियम कायम होता. एका छपराखालच्या माणसांची नोंद अशी सरकारी सूचनांनुसार फिरत राहिली.

१९४६ च्या कायद्याने भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क आणि वर्षाला शंभर जणांचा कोटा मिळाला. १९५० पासून ‘हिंदू’ हा रकाना गेला. १९७० मध्ये तर भारतीय मूळ सांगणाऱ्यांची गणना गोऱ्यांत झाली. तेथील भारतीय संघटनांनी याविरुद्ध पाठपुरावा केला, कारण गोऱ्यांत गणना झाल्याने भेदभावाविरुद्धच्या संरक्षणावर दावा सांगता येत नव्हता, आणि १९८० च्या जनगणनेत ‘एशियन इंडियन’ असा वेगळा रकाना आला. २०२० मध्ये फक्त हा रकाना निवडणारे सुमारे ४४ लाख होते. जनगणनेतील ‘अमेरिकन इंडियन’ हा रकाना तेथील आदिवासींचा आहे. आपल्याकडून नव्याने गेलेली माणसे कधी कधी घाईत तेथे खूण करतात, ते टाळावे.

मूळ पाने ७२ वर्षे गुप्त ठेवली जातात आणि नंतर राष्ट्रीय अभिलेखागार ती खुली करते. १९५० ची पाने १ एप्रिल २०२२ पासून इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहेत. १८९० ची बहुतेक पाने मात्र १९२१ च्या आगीमुळे कायमची गेली. नावाने शोध घेतल्यास हाती फारसे लागत नाही, कारण प्रगणकांनी पंजाबी नावे ऐकू आली तशी लिहिली आहेत आणि ‘सिंग’ आडनावाखाली सारेच येतात. शहराचा गणना-विभाग क्रमांक शोधून त्या विभागाची पाने ओळीने वाचत जाणे अधिक उपयोगी ठरते, आणि लहान शहरात ते काही संध्याकाळींचे काम आहे. नाव, वय, जन्मदेश, व्यवसाय आणि वंशाचे अक्षर हे सारे एकाच आडव्या ओळीत असते, तेव्हा जन्मदेशाच्या रकान्यावरून नजर फिरवत जावी. १९६० ची पाने एप्रिल २०३२ मध्ये खुली होतील.